त्याची गिटार एकदा मांडीवर घेऊन बघा

प्रश्न : मी वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहतो. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालो. तरुणपणी हवाईयन गिटार शिकलो होतो, नोकरीच्या धबडग्यात ती सुटली. निवृत्तीनंतर जुन्या दाराच्या सागवानी फळीतून स्वतःच लॅप स्टील गिटार (मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची) करायला घेतली, आता तिसरी चालू आहे. दर रविवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर चार-पाच जण जमतात. कुणी बनवतात, कुणी नुसतेच वाजवतात. मी सगळ्यांना सगळं दाखवत असे.

गेल्या वर्षी इंजिनिअरिंगचा एक मुलगा यायला लागला. त्याने माझ्या पाटीवर (तारांखालच्या फळीवर) ट्रेसिंग पेपर ठेवून सुरांच्या सगळ्या रेषा उतरवून घेतल्या, त्यावरून स्वतःची गिटार केली आणि आमच्या भागातल्या गणेशोत्सवात वाजवली. लोकांनी अगदी डोक्यावर घेतलं. 'कुठे शिकलास हे करायला?' असं कुणी विचारलं तर 'घरीच केली' एवढंच म्हणाला. मी पहिल्याच रांगेत बसलो होतो. त्यातही जास्त लागलं ते हे की त्याची गिटार वरच्या रेषांवरही सुरात होती. जिच्यावरून त्याने ती केली ती माझी गिटार मात्र खालच्या रेषांवर ठीक आणि वर जावं तसतशी उतरत जाते. त्याने ब्रिज, म्हणजे तारा टेकतात ती घोडी, तेवढा वेगळा, गोल सळीचा केलाय. अँगल मिळाला नाही म्हणे.

माझ्या गिटारीचं माप : नट (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) ते ब्रिज साडेबावीस इंच. ब्रिज सहा मिलिमीटर जाड ॲल्युमिनियम अँगलचा, माथा सपाट, अंतर अँगलच्या पुढच्या कडेपर्यंत मोजलेलं. सूर सा प सा ग प सा. जाड तार ५६ थाउ (इंचाचे हजारावे भाग), बारीक १५. उघड्या तारेलाही बारीक झणझण आहे. बार ठेवला की शेवटच्या दोन बारीक तारा खडखडतात. पिकअपला (तारांचा कंप विजेत बदलणाऱ्या गुंडाळीला) गुणगुण आहे, तारांना हात लावला की ती वाढते आणि जॅकच्या धातूला बोट लावलं की बंद होते.

त्या गणपतीपासून मी हात आखडता घेतलाय. पिकअप कसा गुंडाळला असं मंडळींनी विचारलं तर 'अजून जमलं नाही' म्हणतो, जमलेलं असूनही. सौ. म्हणते, बरं केलंत, फुकट कशाला द्यायचं? पण रविवारची मजा गेली. माझ्या गिटारीत दोष कुठे आहे, आणि यापुढे लोकांना सांगावं की सांगू नये?

उत्तर :

काका,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले : 'त्याची गिटार वरच्या रेषांवरही सुरात होती.' तुम्ही ते खंत म्हणून लिहिलंत. मला त्यात तुमच्या गिटारीच्या दुखण्याचं निदान दिसतं. म्हणून आधी गिटारीचं बोलते, मुलाकडे मग येऊ.

त्याने रेषा तुमच्याच उतरवल्या. हिशेब तुमचा, कागद तुमच्या पाटीवर ठेवलेला. त्याच रेषांवर त्याची तार सुरात बोलते म्हटल्यावर रेषा बरोबर आहेत, हा प्रश्न मिटला. साडेबावीस इंच म्हणजे ५७१.५ मिलिमीटर. पाचवी रेषा नटपासून १४३.४ वर, सातवी १९०.१ वर, बारावी बरोबर निम्म्यावर २८५.७५ वर. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागत जायचं, आणि आखताना मात्र प्रत्येक रेषा नटपासूनच मोजायची, नाहीतर केसाकेसाएवढा फरक साठत जातो. टूलरूममध्ये हयात काढलेल्या माणसाला हे मी सांगायला नको. तुमच्या आणि त्याच्या गिटारीत फरक उरतो तो ब्रिजचा.

तुम्ही अँगलच्या पुढच्या कडेपर्यंत मोजलंत. पण तार तिथून सुटते का? माथा सपाट आहे, आणि सपाट करताना कानस पुढे झुकली की पुढची कड हमखास किंचित खाली जाते. मग तार टेकते मागच्या कडेवर. पुढच्या कडेला ती शिवते न शिवते. अशा वेळी कंप पावणारी लांबी ५७१.५ राहत नाही, अँगलच्या जाडीएवढी वाढून ५७७.५ होते. उघडी तार तुम्ही खुंटीने सुरात लावता, म्हणून तिथे काहीच कळत नाही. पाचव्या रेषेवर चूक होते दीड मिलिमीटरची आणि तिथे अर्ध्या स्वराचं अंतर असतं साधारण पंचवीस मिलिमीटर. कान ते चालवून घेतो. बाराव्या रेषेवर चूक तीन मिलिमीटर, आणि अंतर सतराच. एकोणिसाव्या रेषेवर चूक चार, अंतर अवघं सव्वाअकरा. म्हणजे अर्ध्या स्वराचा तिसरा हिस्सा उतरलेला. वर जावं तसतसा सूर खाली, हे तुमचं वर्णन या आकड्यांशी तंतोतंत जुळतं.

उघड्या तारेची झणझणही तिथलीच. तंबोऱ्याची जवारी काढताना तुम्ही पाहिलं असेल. घोडीचा माथा रुंद आणि अगदी किंचित बाकदार ठेवतात, तार तिथे निसटती घासावी म्हणून, आणि सूत घालून तो स्पर्श नेमका साधतात. मिरजेच्या कारागिरांची अर्धी कीर्ती त्या माथ्यावर आहे. तुमच्या सपाट अँगलवर नकळत तीच जवारी तयार झाली. तंबोऱ्याला ती हवीच. स्टील गिटारीत मात्र तार एका रेषेवरून स्वच्छ सुटली पाहिजे, नाहीतर बार सरकवून घेतलेल्या प्रत्येक मींडेला ती कुरकुर चिकटून येते.

हा माझा तर्क झाला. खात्री करायला काही खर्च नाही. बाराव्या रेषेवर तारेला बोट नुसतं टेकवा, दाबू नका. तार छेडा आणि लगेच बोट उचला. वरच्या सप्तकातला घंटेसारखा हार्मोनिक येईल. बोट थोडं मागेपुढे करून तो सगळ्यात मोकळा कुठे वाजतो ते शोधा आणि पाटीवर पेन्सिलने खूण करा. ती तारेच्या लांबीचा खरा मध्य. खूण रेषेवरच आली तर माझं निदान चुकलं. ब्रिजच्या बाजूला तीन मिलिमीटर सरकलेली आली, तर तार मागच्या कडेवरून बोलते आहे हे नक्की. सहाही तारांवर हे करा, कारण सपाट माथ्यावर प्रत्येक तार आपापली जागा शोधते.

उपाय दोन. पहिला कानशीचा : अँगलच्या माथ्याला मागच्या बाजूला, म्हणजे तार अडकवली आहे तिकडे, आठ-दहा अंशांचा उतार द्या. पुढची कड सगळ्यात उंच राहिली पाहिजे. तिची धार झिरो पेपरने जराशी मारा, नाहीतर बारीक तार तिथेच तुटत राहील. दुसरा उपाय त्या मुलाचा : अँगलवर पितळेची किंवा स्टेनलेसची पाच-सहा मिलिमीटरची गोल सळी बसवायची आणि सळीचा मध्य ५७१.५ वर आणायचा. मला विचाराल तर मी दुसरा करीन. गोल सळीवर तार एकाच रेषेवर टेकते, ती रेषा कुणाच्या हाताच्या कलावर अवलंबून नसते. शिवाय ॲल्युमिनियम मऊ असतं, पंधरा थाउची तार त्यात हळूहळू रुतते आणि वर्षभरात पुन्हा झणझण सुरू होते.

अँगल मिळाला नाही म्हणून सळी लावली, असं तो म्हणाला. असेलही. पण त्या अडचणीतून त्याच्या हातून जे झालं ते तुमच्या आराखड्यापेक्षा सरस झालं. तुमची पाटी त्याने नकलली तिच्यावर एक चांगली दुरुस्ती होऊन बसली आहे, आणि ती दुरुस्ती वर्षभर तुमच्यापासून चार पावलांवर होती. तुम्ही ती गिटार एकदाही हातात घेतली नसावी, असं पत्रावरून वाटतं. पहिल्या रांगेतून ऐकली, मांडीवर घेतली नाही.

आता मुलाचं.

त्याने 'घरीच केली' एवढंच म्हणायला नको होतं. ते चुकलंच, आणि त्याच्या तरुण वयाकडे बोट दाखवून मी ते पुसून टाकणार नाही. तुम्ही समोर बसला असताना 'काकांच्या मापावरून केली' हे तीन शब्द जड नव्हते. काकूंना राग आला तोही तुमच्या बाजूने आला. फक्त त्या रागातून निघालेला उपाय मला पटत नाही. नाव घेतलं नाही म्हणून तुम्ही माप द्यायचं थांबवलंत, आणि थांबवलंत ते कुणासाठी? ज्यांनी काहीच केलं नाही त्या बाकीच्या चौघांसाठी. पिकअपबद्दल 'जमलं नाही' हे तुम्ही त्यांना सांगितलंत. त्या खोट्याचा त्रास त्या मुलाला होत नाही, तुम्हालाच होतो. तो पत्राच्या शेवटच्या ओळीत दिसतो.

शिवाय जे तुमच्याकडून गेलं असं वाटतं, ते जरा वेगवेगळं करून बघा. रेषांचं गणित तुमचं नाही, माझंही नाही. ते शेकडो वर्षं सगळ्यांचं आहे. पाटीचा आकार, खुंट्यांकडच्या टोकाची घडण, तारांच्या खालच्या जागेची मांडणी हे तुमचं. ते जसंच्या तसं उचलायचं तर विचारून उचलावं, आणि विकायला करायचं तर तुमची परवानगी हवीच. पिकअप गुंडाळायची युक्ती ही तुमच्या मेहनतीची. ती सांगितली तरी समोरच्याला हात बसवावाच लागतो. तुम्ही रागात या तिन्हींना एकच कुलूप लावलंत.

तुम्ही राहता त्या भागात हा प्रश्न नवा नाही. सूरसागरपाशी जे संगीत महाविद्यालय आहे त्याचं मूळ १८८६ सालच्या गायनशाळेत आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी ती उभी केली. चीज घराबाहेर जाऊ द्यायची नाही, असा तो काळ. तेव्हा त्यांनी स्वरलिपी बसवली आणि शिकणाऱ्यांसाठी पुस्तकं छापली. पुढे १९१६ साली भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तीही बडोद्यातच. एकेका बंदिशीसाठी त्यांना उस्तादांची किती मनधरणी करावी लागली होती, हे आपल्याकडे जुन्या घरांतून अजून सांगतात. जे कागदावर उतरलं ते आज आपण गातो. झाकून ठेवलेल्यातलं किती ठेवणाऱ्याबरोबर गेलं, याची मोजदाद कुणाकडे नाही.

आणि स्टील गिटारीचा तर जन्मच सांगण्यातून झालाय. तारांवर धातूचा तुकडा सरकवून वाजवण्याचं श्रेय बहुतेक जण हवाई बेटांवरच्या जोसेफ केकूकूला देतात. १८८९च्या आसपासची गोष्ट, तेव्हा तो शाळकरी पोर होता. त्याने ते भोवतालच्या मुलांना शिकवलं, मोठेपणी अमेरिकेत जाऊन शिकवलं. १९४०च्या दशकात ताऊ मो हे हवाईयन वादक कोलकात्यात राहिले, तिथल्या वादकांनी त्यांच्याकडून घेतलं. तुमच्या शेजारी अहमदाबादेत ब्रिजभूषण काब्रा राहिले. या परदेशी गिटारीवर त्यांनी आलाप-जोड-झाला बसवला, त्यासाठी तारा बदलल्या, चिकारी (लय धरणाऱ्या जास्तीच्या तारा) घातली. त्यांच्याकडे शिकलेले देबाशिष भट्टाचार्य पुढे स्वतःची वाद्यं घडवू लागले, त्यांची चतुरंगी ही त्यातलीच. काब्रांनी तारांची मांडणी दडवली असती तर ती पुढची वाद्यं कशावरून झाली असती?

तुमच्या मनात येईल, ती थोरामोठ्यांची गोष्ट, त्यांचं नाव कुणी बुडवणार नव्हतं. म्हणून कारखान्यातलं एक उदाहरण देते. विजेवर चालणारी पहिली यशस्वी गिटार ही स्टील गिटारच होती. जॉर्ज बीचम आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांची, १९३२ला बाजारात आलेली, ओतीव ॲल्युमिनियमची. तिच्या तव्यासारख्या आकारावरून लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत. पेटंटसाठी अर्ज केला १९३४ला. असलं वाद्य मुळात चालतं का, अशी पेटंट कार्यालयालाच शंका. शेवटी सोल होओपी या नामवंत वादकाला वॉशिंग्टनला पाठवून अधिकाऱ्यांपुढे वाजवून दाखवावं लागलं. पेटंट हाती आलं १९३७ला. तोवर इतरांनी तशीच वाद्यं विकायला काढली होती. नक्कल थांबली नाही. पण ती कुणी केली याबद्दल आज फारसा वाद नाही, कारण आराखडा तारखेसकट कागदावर आहे.

तुमच्याकडे आराखड्याचा कागद आहे का? पत्रात कुठे उल्लेख नाही. पाटीवर थेट आखलं आणि पोराने पाटीवरूनच उतरवलं, असं झालेलं दिसतं. काका, तुमच्या टूलरूममध्ये टायटल ब्लॉक (नाव-तारखेची चौकट) नसलेलं ड्रॉइंग कुणी खाली मशीनवर पाठवलं असतं का? मग घरच्या कामाला ती शिस्त का नको?

एक मोठा कागद घ्या. खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकट करा : वाद्याचं नाव, तुमचं नाव, वडोदरा, तारीख. शेजारी रिव्हिजनचा, म्हणजे नंतरच्या बदलांचा तक्ता. मुख्य जागेत पाटीचा आराखडा पूर्ण मापात. रेषांची अंतरं नटपासून, मिलिमीटरमध्ये. नट ते ब्रिज हे अंतर कुठून कुठपर्यंत, ते बाण काढून दाखवा, 'तार टेकते त्या रेषेपर्यंत' असे शब्द लिहा. ते शब्द नव्हते म्हणून तुमचे सहा मिलिमीटर हरवले. तारांचे थाउ लिहा, सूर लिहा. साडेबावीस इंचांवर तुमच्या सहा तारा मिळून साठ-सत्तर किलोचा ताण देतात. उद्या कुणी हौसेने त्याच तारा, तेच सूर ठेवून लांबी चोवीस इंच केली, तर ताण सुमारे १४ टक्क्यांनी वाढेल आणि पाटीला तेवढा जास्त भार सोसावा लागेल. कागदावर तारांचे आकडे असतील तर त्याला आधीच कळेल. लाकूड कुठलं, किती जाड, जुनं की नवं. फसलेलंही लिहा. कुठला डिंक उन्हाळ्यात सुटला, कुठला स्क्रू सागाला चिरून गेला. दुसरं कुणी तीच फळी वाया घालवणार नाही.

मग रिव्हिजनच्या पहिल्या ओळीत लिहा : ब्रिजला सपाट अँगलऐवजी गोल सळी. पुढे त्या मुलाचं नाव आणि तारीख.

हे तुम्हाला जड जाईल, मला माहीत आहे. तरी तुम्हीच आधी लिहा. त्याच्या हातून न झालेली गोष्ट तुमच्या हातून झालेली त्याला कागदावर दिसू दे. या कागदाची झेरॉक्स ज्याला हवी त्याला द्या. तो कागद जिथे जाईल तिथे कोपऱ्यातलं तुमचं नाव जाणारच, वाजवणाऱ्याने तोंडाने घेवो न घेवो.

त्याच्याशी बोला मात्र स्पष्ट, आणि एकट्याशी. रविवारी सगळ्यांसमोर नको. बोलवून घ्या, त्याची गिटार आणायला सांगा, मांडीवर घेऊन वाजवा, ब्रिज नीट बघा. चांगला वाटला तर चांगला म्हणा. नंतर म्हणा, "गणपतीत तू घरीच केली म्हणालास, तेव्हा मला वाईट वाटलं. पुढच्या वेळी माप कुणाचं ते सांग." एवढंच. पुढे समजावत बसू नका, उपकार मोजू नका. बहुतेक मुलं इथे खाली मान घालतात आणि पुढच्या कार्यक्रमात जरा जास्तच मोठ्याने नाव घेतात. हा तसा नसला, हसून टाळलंन, तर त्याला घरचे दरवाजे बंद करायची गरज नाही, पण नवा आराखडा तो कागदासकट घेऊ दे. पाटीवर ट्रेसिंग पेपर आता नाही.

बाकीच्या मंडळींपुढे माफीबिफी मागायचं कारण नाही. पुढच्या रविवारी पिकअप गुंडाळायचं तुमचं यंत्र ओट्यावर आणा आणि चालवून दाखवा. ४६ नंबरची एनॅमल तार, सात-आठ हजार वेढे, त्यात तार कुठे तुटते, बोटाने किती धरायची, हे बघितल्याशिवाय समजत नाही. वेढे मोजायला तुम्ही काय करता कळलं नाही. काही जण जुन्या कॅल्क्युलेटरच्या 'बरोबर'च्या बटणाला रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जुळणारा) जोडतात आणि फिरत्या चकतीवर छोटं चुंबक चिकटवतात. एक अधिक एक करून ठेवलं की दर फेरीला आकडा एकने वाढतो. तुमची तऱ्हा वेगळी असेल तर तीही कागदावर येऊ दे.

आता राहिलेले दोन दोष.

बार ठेवल्यावर बारीक तारा खडखडतात ते नट आणि ब्रिजच्या खाचांमुळे. ५६ थाउची तार १५ थाउच्या तारेपेक्षा ४१ थाउ जाड, म्हणजे एक मिलिमीटरहून किंचित जास्त. सगळ्या खाचा सारख्या ठेवल्या की तारांचे तळ एका पातळीत येतात, पण बार तळांवर बसत नाही, माथ्यांवर बसतो. माथे एका सरळ रेषेत नसले की भार काही तारांवर जातो आणि बाकीच्यांना बार नुसता शिवतो. नटजवळ सहाही तारांवर स्टीलची पट्टी उभी धरा आणि मागून बॅटरी लावा. उजेड कुठून येतो ते दिसेल. बारीक तारा उचलायच्या भानगडीत पडू नका. जाड तारांच्या खाचा नीडल फाइलने थोड्या थोड्या खोल करत न्या, पट्टी सहाही माथ्यांना टेकेपर्यंत. नटला झालं की ब्रिजलाही तेच. ब्रिज बदलणार असाल तर आधी तो बदला, नाहीतर हे काम दोनदा होईल. आणि वाजवताना नजर बारच्या बरोबर वरून ठेवा. तार बारच्या मध्याला टेकते, कडेला नाही.

गुणगुणीचं कारण तुम्हीच लिहिलंय. जॅकच्या धातूला बोट लावलं की थांबते, तारांना लावलं की वाढते, याचा अर्थ तारा ग्राउंडला जोडलेल्या नाहीत. ब्रिजच्या खालून एक वायर काढून जॅकच्या बाहेरच्या धातूला, म्हणजे ग्राउंडला सोल्डर करा. ॲल्युमिनियमला साधं सोल्डर बसत नाही, म्हणून वायर लगच्या साहाय्याने स्क्रूखाली आवळा. नट पितळी असला तरी वेगळी वायर नको, तारांतूनच तो जोडला जातो. पिकअपच्या खळग्याला आतून तांब्याची पट्टी चिकटवून तीही ग्राउंडला जोडली तर आणखी फरक पडेल.

पण ही वायर जोडल्यावर तुमचे दोन्ही हात तारांमार्गे थेट ॲम्पच्या ग्राउंडला लागतात, बार धातूचाच असतो. घरचं अर्थिंग धड नसेल तर हे जिवावर बेतू शकतं. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांमध्ये भिंतीवर तीन पिनांचं सॉकेट दिसतं आणि त्यामागे अर्थची तारच नसते, असं पुष्कळदा आढळतं. ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन कुणी काढली असेल तर प्लग बदला. ओट्यावरच्या सॉकेटला खरंच अर्थ आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, आणि मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवून घ्या. ते होईपर्यंत गिटार ॲम्पला लावू नका. ब्रिज आणि खाचा तपासायला नुसती तार पुरते.